बाळाचा विचार करण्याआधी आरोग्य विमा कसा निवडावा?

कोवळं_ऊन

नमस्कार. गेली काही वर्षे मी या समूहात वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि येत्या दीड-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे. दोघांनाही नोकरीतर्फे समूह विमा आहे, पण त्याखेरीज स्वतःची एक पॉलिसी असावी असे वाटते. सध्या तीन पॉलिसींची पत्रके समोर पसरून बसले आहे. पहिलीत प्रसूतीचा खर्च मिळतो, मात्र त्यासाठी २४ महिने थांबावे लागते. दुसरीत हा प्रतीक्षा काळ फक्त ९ महिन्यांचा आहे, पण हप्ता बराच जास्त आहे. तिसरीत प्रसूतीचा समावेशच नाही. मात्र तेवढ्याच हप्त्यात विमा रक्कम जवळजवळ दुप्पट मिळते. तिन्ही पत्रकांवर हसणारे बाळ आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

कोणत्या देशात राहतो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नवऱ्याची बदली होण्याची शक्यता आहे आणि बाळ नक्की कुठे जन्माला येईल हे आज सांगता येत नाही. त्यामुळे अमुक कंपनी घ्या, तमुक घेऊ नका, असा सल्ला नको आहे. विचार कोणत्या क्रमाने करावा, पत्रकात काय शोधावे, हे कुणी अनुभवाने सांगितले तर फार उपयोग होईल.

आणखी एक प्रश्न. मला थायरॉइडची गोळी सुरू आहे. एजंटचे म्हणणे असे, की एवढ्याशा गोष्टीची नोंद फॉर्मवर कशाला करता, उगाच हप्ता वाढेल. हे ऐकावे का?

पॉलिसीवाचक

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचे आहे: नाही.

हप्ता वाढू नये म्हणून गोळी लपवायची आणि क्लेमच्या वेळी मात्र प्रसूतीपूर्व तपासणीच्या पहिल्याच कागदावर डॉक्टरांनी 'थायरॉइड, चार वर्षांपासून उपचार सुरू' असे लिहिलेले असायचे, हा प्रकार मी नात्यातच दोनदा पाहिला आहे. गरोदरपणात थायरॉइडची तपासणी वारंवार होते, गोळीची मात्राही बहुधा बदलावी लागते, त्यामुळे ही गोष्ट झाकून राहण्यासारखी मुळीच नाही. एजंटचे काम फॉर्मवर सही होताच संपते, तुमचे तिथून सुरू होते. थायरॉइड, पीसीओडी (अंडाशयाचा एक विकार), आधीचा गर्भपात, वंध्यत्वावरचे उपचार, रक्तदाब, यांपैकी जे असेल ते लिहा आणि भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागून घ्या. फॉर्म एजंटने भरला असेल तर ओळ न् ओळ वाचा. कित्येकदा सगळ्या प्रश्नांपुढे सरसकट 'नाही' अशी खूण केलेली असते.

भारतापुरते सांगायचे तर, आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ च्या नियमांनुसार ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याचे कारण देऊन, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण तुमचा विचार दीड-दोन वर्षांचा असल्यामुळे ६० महिन्यांचा आधार तुम्हाला नाही. तुम्ही नेमक्या त्या काळात क्लेम करणार आहात, ज्या काळात कागद सर्वांत बारकाईने तपासले जातात.

ताळेबंद

मी पेशाने हिशेबनीस आहे, तेव्हा हिशोबाच्याच बाजूने बोलेन.

विमा अनपेक्षित खर्चासाठी असतो. ठरवून आणलेले बाळंतपण हा त्या अर्थाने अनपेक्षित खर्च नव्हे, आणि हे विमा कंपनीला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून जिथे प्रसूतीचा समावेश ऐच्छिक आहे, तिथे प्रतीक्षा काळ, वाढीव हप्ता आणि प्रसूतीपुरती वेगळी, विमा रकमेहून कमी अशी उपमर्यादा, ही तीन कुंपणे बहुतेक वेळा एकदमच असतात. समजा प्रसूतीच्या समावेशासाठी दर वर्षी ३ एकक हप्ता जास्त पडतो, प्रतीक्षा काळ २४ महिन्यांचा आहे आणि प्रसूतीची उपमर्यादा १० एकक आहे. क्लेम तिसऱ्या वर्षात होणार, म्हणजे तोवर तीन हप्ते गेलेले असतील. ९ एकक भरून जास्तीत जास्त १० एकक परत मिळाले, तर त्याला विमा म्हणण्यापेक्षा भिशी म्हणणे योग्य. बाळ एक वर्ष उशिरा आले तर तीही तोट्यातली भिशी. तुमच्या पत्रकातले आकडे या जागी घालून पाहा. उत्तर वेगळे आले तर मला आनंदच होईल.

मात्र यावरून 'प्रसूतीचा समावेश नको' असा सरळ निष्कर्ष काढू नका. सुरळीत बाळंतपणाचा खर्च आधी अंदाजता येतो आणि बाजूला काढून ठेवता येतो. जो अंदाजता येत नाही, तो गुंतागुंतीचा आणि आजारी बाळाचा खर्च. तेव्हा तिन्ही पत्रकांना एकच प्रश्न विचारा: गुंतागुंत झाली तर ती प्रसूतीच्या छोट्या उपमर्यादेत मोजणार, की पूर्ण विमा रकमेत? माझ्या मते या एका प्रश्नावर बाकीची निम्मी निवड होऊन जाते.

सदतीसावा_आठवडा

माझा अनुभव थोडा सविस्तर लिहिते, कारण माझी चूक अगदी साध्या बेरीज-वजाबाकीची होती.

आमच्या पॉलिसीत २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ होता आणि तो १ जूनला संपत होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती १५ जून. आम्ही दोघांनी कॅलेंडरवर त्या दोन तारखांना गोल केले होते, मध्ये चौदा दिवस मोकळे आहेत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. १८ मे रोजी, ३६ आठवडे पूर्ण होत असताना, मुलगा झाला. पॉलिसीत 'प्रसूतीची तारीख' हाच निकष होता. प्रसूतीचा क्लेम नाकारला गेला आणि तो नियमाला धरूनच नाकारला गेला, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. बाळ पाच दिवस काचेच्या पेटीत होते. त्याचा खर्चही नामंजूर झाला, कारण नवजात बाळाचे संरक्षण आईचा प्रसूतीचा क्लेम मंजूर होण्यावर अवलंबून होते. हे वाक्य पॉलिसीच्या एकोणिसाव्या पानावर होते. मी ते वाचले होते, समजलेही होते. पण ते आपल्यालाच लागू होईल, असे मनात आले नव्हते.

आता हिशोब सांगते. डॉक्टर जे ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस मोजतात, ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्ष गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणजे गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सुमारे २६६ दिवस. २४ महिने म्हणजे ७३० दिवस. ७३० मधून २६६ वजा केले की ४६४ उरतात, म्हणून पॉलिसी घेतल्यावर सव्वापंधरा महिन्यांनी दिवस राहिले तरी चालेल असे वाटते. आम्हीही तसेच धरले होते. पण ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अकाली मानतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, म्हणजे साधारण दहांत एक. ज्या बाळाला विम्याची सर्वाधिक गरज, ते नेमके प्रतीक्षा काळ संपायच्या आत येण्याचा धोका असतो. बाळ ३२ व्या आठवड्यात आले तरी ते संरक्षणात बसावे, असे वाटत असेल तर आणखी ५६ दिवस धरावे लागतात आणि सव्वापंधराचे सतरा महिने होतात.

रिकामी_झोळी

मग ९ महिन्यांवाली पॉलिसी बरी. त्यात एवढी गणिते नकोत.

सदतीसावा_आठवडा

उलट तिथे जास्त जपावे लागते. ९ महिने म्हणजे २७३ ते २७६ दिवस. पॉलिसी सुरू झाली त्याच आठवड्यात दिवस राहिले तर पूर्ण वाढीचे बाळही २६६ व्या दिवसाच्या आसपास येईल, म्हणजे मुदत पुरी होण्याच्या आधी. अशा पॉलिसीत निदान पहिले दोन-तीन महिने थांबणे शहाणपणाचे. शिवाय 'प्रसूतीची तारीख' हाच निकष सगळीकडे नसतो. प्रतीक्षा काळात झालेल्या तपासण्या आणि सोनोग्राफीचा खर्च नंतर मागता येईलच असेही नाही. हे ईमेलवर विचारावे. फोनवरचे 'हो मॅडम, सगळे कव्हर आहे' कुठेच जमा होत नाही.

निळी_शाई

वरचे सगळे पटले, तरी एक गोष्ट राहून जाते आहे असे वाटले म्हणून लिहिते. तुमचे वय तुम्ही लिहिलेले नाही आणि विचारण्याचा माझा हक्कही नाही. पण पस्तिशीच्या आसपास असाल तर पॉलिसीच्या तारखेसाठी मूल लांबवण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. वाढत्या वयाबरोबर गर्भधारणेची शक्यता कमी होते, गर्भपाताचे प्रमाण वाढते, आणि वंध्यत्वावरील उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतोच. भारतात वगळलेल्या बाबींची जी प्रमाणित यादी आहे, तिच्यात वंध्यत्व १७ व्या क्रमांकावर आणि प्रसूती १८ व्या क्रमांकावर, शेजारी शेजारी आहेत. ही १८ व्या क्रमांकाची नोंद तुमच्या तिसऱ्या पॉलिसीच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. प्रसूतीचा समावेश नसलेल्या पॉलिसीत सिझेरियन आणि गुंतागुंतीची प्रसूतीही वगळलेली असते, आणि गर्भपाताचा खर्च अपघातामुळे झाला असेल तरच मिळतो. गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा मात्र या वगळणुकीतून वगळलेली आहे, म्हणजे तिच्या उपचारांना ही वगळणूक लागू होत नाही. ताळेबंद यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा पॉलिसीपुरते तरी या नोंदीत मिळते.

ताळेबंद

निळी_शाई, दुरुस्ती मान्य. तिसरी पॉलिसी घेतली तर बाळंतपणातली गुंतागुंतही स्वतःच्याच खिशातून, हे स्पष्ट लिहायला हवे होते. मग त्या पॉलिसीची बाजू उरते ती आईच्या इतर आजारपणांसाठी, आणि जन्मानंतर बाळाला तिच्यात कधी घेता येईल यावर.

वॉर्डची_खिडकी

मी एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते. दररोज डिस्चार्जच्या वेळी खिडकीपलीकडे जे चेहरे दिसतात, त्यांवरून लिहिते आहे.

पालकांना सर्वांत मोठा धक्का कशाचा बसतो, तर दोन बिले येतात याचा. बाळ जन्मल्या क्षणी तो स्वतंत्र रुग्ण असतो. त्याचा वेगळा नोंदणी क्रमांक असतो, त्याच्या कागदांवर आईच्या नावापुढे 'चे बाळ' एवढीच ओळख असते, आणि बालरोगतज्ज्ञांची भेट, लस, श्रवणाची तपासणी, रक्तातील साखर, हे सारे त्याच्या नावावर लिहिले जाते. पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहांना थोडीफार कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप ओसरते, काहींना मात्र निळ्या दिव्याखाली ठेवावे लागते. आई तिसऱ्या दिवशी घरी जाण्याच्या अवस्थेत असते आणि बाळ आणखी दोन दिवस राहते. हे दोन दिवस आईच्या क्लेममध्ये बसत नाहीत. तेव्हा तुमच्या पत्रकात 'नवजात बाळ पहिल्या दिवसापासून' असे आहे, की '९० दिवसांनंतर' असे आहे, ते पाहा. पहिल्या दिवसापासून असेल तर त्याला वेगळी मर्यादा आहे का, नाव किती दिवसांत कळवायचे आहे आणि जादा हप्ता केव्हा भरायचा आहे, हे विचारा. माझ्या खिडकीवरून पाहिले तर अतिदक्षता विभागातल्या बाळाचे बिल आईच्या बिलाच्या कितीतरी पुढे जाऊ शकते, तेव्हा जास्तीचा हप्ता भरायचाच असेल तर तो या कलमासाठी भरावा.

दुसरी गोष्ट खोलीची. बाळंतपणाला नातलग येणार, रात्री कुणीतरी सोबत राहणार, म्हणून सगळ्यांना स्वतंत्र खोली हवी असते. ज्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे, तिथे नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. समजा मर्यादा रोज ४ एककांची आहे आणि तुम्ही ६ एककांची खोली घेतली. मग डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, परिचर्या, असा जो खर्च खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, तोही चार षष्ठांश एवढाच मंजूर होतो. त्या खर्चाची बेरीज ९० एकक असेल तर ६० मिळतील आणि ३० तुमच्याकडे येतील, भाड्यातला फरक निराळाच. भारतात २०२० पासून औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या भाड्यावरही नाही. बाकीच्या खर्चावर ती होते. भरतीच्या खिडकीशी 'चांगली खोली द्या' म्हणणारी मंडळी डिस्चार्जच्या खिडकीशी माझ्यावर रागावतात, म्हणून एवढे लिहिले.

कॅशलेससाठी, म्हणजे बिल कंपनीने रुग्णालयाला परस्पर द्यावे यासाठी, पूर्वमंजुरीचा अर्ज प्रसूतीच्या तारखेच्या बराच आधी भरून ठेवता येतो का, हे त्या त्या रुग्णालयात विचारून ठेवा. वेणा सुरू झाल्यावर कुणाला फोटो आणि ओळखपत्र शोधायला लावू नये.

दूरचा_किनारा

मी अमेरिकेत आहे, बदली इकडे झाली तर उपयोग होईल म्हणून लिहितो. इथला प्रश्न पुष्कळसा उलटा आहे. प्रतीक्षा काळाची धास्ती जवळजवळ नाही. २०१४ पासून व्यक्तिगत आणि छोट्या समूहांच्या विम्यात प्रसूती आणि नवजात बाळाची काळजी हा आवश्यक लाभ आहे, आणि गरोदरपण हा 'आधीपासूनचा आजार' म्हणून मोजता येत नाही. १९९६ च्या कायद्यानुसार रुग्णालयातील मुक्कामाचा लाभ साध्या प्रसूतीनंतर ४८ तासांपेक्षा आणि सिझेरियननंतर ९६ तासांपेक्षा कमी ठेवता येत नाही. इथे माणूस अडतो तो डिडक्टिबल (दर वर्षी आधी स्वतः भरायची रक्कम), त्यापुढच्या खर्चातला स्वतःचा वाटा आणि नेटवर्क (योजनेशी करार असलेली रुग्णालये आणि डॉक्टर) या तीन ठिकाणी.

ताळेबंद यांच्याच पद्धतीने एक उदाहरण देतो. पहिली योजना: वर्षाचा हप्ता १०, पहिले ३० एकक स्वतःचे, त्यापुढे २० टक्के स्वतःचे, आणि खिशातून जाणाऱ्या रकमेची वार्षिक कमाल ५०. दुसरी योजना: हप्ता २४, पहिले ५ स्वतःचे, त्यापुढे १० टक्के, कमाल २०. तपासण्यांपासून डिस्चार्जपर्यंत आईचे बिल १२० झाले असे धरा. पहिल्या योजनेत ३० आणि उरलेल्या ९० चे १८ मिळून ४८, हप्ता धरून ५८. दुसरीत ५ आणि ११.५ मिळून १६.५, हप्ता धरून ४०.५. ज्या वर्षी दवाखान्याचा खर्च सारा ६ एककांचा होईल, त्या वर्षी पहिली १६ ला पडेल आणि दुसरी सुमारे २९ ला. म्हणून इथली अनुभवी मंडळी बाळाच्या वर्षी जास्त हप्त्याची योजना घेतात आणि पुढे परत स्वस्त योजनेकडे जातात.

आता यातली खोच. डिडक्टिबलचे वर्ष बहुधा जानेवारीत नव्याने सुरू होते. बाळ जानेवारीत येणार असेल तर तपासण्यांचे २५ एकक आदल्या वर्षात पडतात आणि प्रसूतीचे ९५ नव्या वर्षात. पहिल्या योजनेत आदल्या वर्षीचे २५ पूर्ण खिशातून जातात, कारण ३० चा उंबरठा ओलांडलाच जात नाही. नव्या वर्षी पुन्हा ३० आणि वर ६५ चे १३, म्हणजे एकूण ६८. तेच बिल एका वर्षात आले असते तर ४८. दुसऱ्या योजनेत हाच फरक फक्त साडेचार एककांचा आहे. म्हणून तारीख वर्षाच्या कडेला असेल तर कमी डिडक्टिबलची योजना अधिकच सोयीची. बाळाचा डिडक्टिबल वेगळा मोजतात की कुटुंबाचा एकत्र, तेही पाहा. वेगळा असेल तर तो बाळाच्या पहिल्याच बिलात निघून जातो.

नेटवर्कच्या बाबतीत रुग्णालयाचे नाव यादीत असणे पुरेसे नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, नवजात विभागातले डॉक्टर, प्रयोगशाळा, हे सर्व यादीत आहेत का ते पाहावे लागते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे नेटवर्कमधल्या रुग्णालयात नेटवर्कबाहेरच्या भूलतज्ज्ञाचे अचानक आलेले मोठे बिल आता पालकांवर टाकता येत नाही, ही मोठीच सोय झाली. तरी स्वतः निवडलेल्या डॉक्टरांबाबत आधी खात्री करावी.

आणि जन्मानंतर बाळाचे नाव योजनेत घालण्याची मुदत पाळा. नोकरीच्या योजनेत निदान ३० दिवस मिळतात, सरकारी बाजारपेठेतून घेतलेल्या योजनेत ६०. मुदतीत नाव घातले तर संरक्षण जन्मतारखेपासून लागू होते. मुदत चुकली तर पुढच्या नोंदणी हंगामापर्यंत बाळ विम्याबाहेर राहू शकते. पहिल्या महिन्यात आई-बाबांना वार कोणता तेही आठवत नाही, म्हणून हे काम मामा, मावशी, कुणाच्या तरी नावावर आधीच लावून ठेवा.

कोवळं_ऊन

इतके मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. एजंटला काल कळवले, की थायरॉइडची नोंद होईल. तो जरा नाराज झाला.

दोन प्रश्न उरले आहेत. आमच्या दोघांच्याही समूह विम्यात प्रसूती आहे आणि माझ्या कार्यालयाच्या म्हणण्याप्रमाणे प्रतीक्षा काळही नाही. असे असेल तर स्वतःच्या पॉलिसीत प्रसूतीसाठी पैसे घालावेत का? आणि बाळाचे नाव कोणाच्या विम्यात घालावे?

पॉलिसीवाचक

समूह विम्यात प्रतीक्षा काळ माफ असेल तर प्रसूतीचा खर्च तिथून घ्यावा. ते संरक्षण मात्र नोकरीला बांधलेले असते. राजीनामा, कपात किंवा बदली यांपैकी काहीही सातव्या महिन्यात झाले तर ते संपते, आणि त्या वेळी घेतलेल्या नव्या पॉलिसीचा प्रतीक्षा काळ शून्यापासून सुरू होतो. म्हणून स्वतःची पॉलिसी आज घेऊन तिची घड्याळे चालू ठेवायची, एवढेच तिचे सध्याचे काम आहे. समूह विमा सोडताना त्याच कंपनीच्या व्यक्तिगत पॉलिसीत जाण्याची आणि पूर्ण झालेल्या प्रतीक्षेचे श्रेय सोबत नेण्याची सोय भारतात आहे, पण ती नोकरी सुटण्याच्या वेळीच वापरावी लागते. सहा महिन्यांनी आठवून उपयोग नाही. समूह विमा दर वर्षी नव्याने ठरतो, हेही ध्यानात असू द्या. या वर्षी माफ असलेली अट पुढच्या वर्षीच्या करारात परत येऊ शकते, तेव्हा कार्यालयाचे तोंडी म्हणणे बाजूला ठेवून चालू वर्षाच्या करारातले प्रसूतीचे पान मागा. त्यात पहिल्या दोन अपत्यांपुरतीच मर्यादा आहे का, सिझेरियनला वेगळा आकडा आहे का, आणि बाळ पहिल्या दिवसापासून आहे का, हे तिन्ही दिसेल.

दूरचा_किनारा

बाळ कोणाच्या विम्यात, याबद्दल. ज्याच्या योजनेत बालरोगतज्ज्ञांचे नेटवर्क चांगले आणि बाळाचा डिडक्टिबल कमी, त्याच्या. दोघांच्याही घालायचे असेल तर इथे एक मजेदार नियम आहे: आई-वडिलांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो, त्याची योजना पहिली मानतात. जन्मसाल पाहत नाहीत, फक्त दिवस आणि महिना. माझा वाढदिवस डिसेंबरात आणि पत्नीचा फेब्रुवारीत, त्यामुळे मुलीची सगळी बिले तिच्या योजनेकडे आधी गेली. दोन योजना असल्या की बिल दोनदा मिळत नाही. पहिलीने सोडलेला भाग दुसरी आपल्या अटींप्रमाणे पाहते.

कोवळं_ऊन

आठवडाभराने लिहिते आहे. माझ्या समूह विम्याचे प्रसूतीचे पान मिळाले. प्रतीक्षा काळ खरोखरच नाही, बाळ पहिल्या दिवसापासून आहे, सिझेरियनची मर्यादा साध्या प्रसूतीहून थोडी अधिक आहे. गुंतागुंत मात्र त्याच मर्यादेत मोजली जाते, त्यामुळे तेवढी रक्कम आम्ही वेगळ्या खात्यात साठवायला घेतली.

९ महिन्यांची पॉलिसी यादीतून काढली. हप्त्यामुळे काढली असती, पण त्याआधीच तिच्यात नवजात बाळाच्या पुढे 'वय ९१ दिवस' असे सापडले. तिसरीचाही विचार सोडला. २४ महिन्यांच्या पॉलिसीत नवजात बाळाच्या कलमाखाली 'प्रसूतीचा क्लेम ग्राह्य असल्यास' असे शब्द आहेत, सदतीसावा_आठवडा यांनी सांगितले होते तसेच. ईमेलवर विचारले, की प्रसूतीचा क्लेम समूह विम्यातून घेतला आणि त्यांच्याकडे केलाच नाही, तर बाळाचा खर्च ते देतील का. तीन दिवसांनी उत्तर आले: प्रतीक्षा काळ पूर्ण झालेला असेल आणि प्रसूतीची कागदपत्रे जोडली असतील, तर देतील. ते उत्तर छापून पॉलिसीच्या फायलीत लावणार आहे. थायरॉइडमुळे हप्ता किंचित वाढला. सतरा महिन्यांची तारीख काढून पाहिली, ती आमच्या मूळ विचाराच्या फारशी पुढे जात नाही, आणि डॉक्टरांशी बोलून वयाचीही अडचण नाही असे ठरले.

सदतीसावा_आठवडा

छान झाले. त्या ईमेलच्या वरच्या भागात पॉलिसी क्रमांक आहे ना, तेवढे पाहा. नसेल तर त्याच ईमेलला उत्तर देऊन क्रमांकासह पुन्हा मागून घ्या.